मुशीच्या पोटातलं शिसं

थांबा मित्रांनो, तिथंच थांबा. जवळ यायला माझी ना नाही, पण आधी हात दाखवा. राग मानू नका. माझं सगळं आयुष्य सोन्याच्या संगतीत गेलं, आणि त्या संगतीत माणसाच्या तोंडाआधी त्याच्या हातांकडे बघायची सवय लागते. मी एक मूस आहे, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं. रंगानं काळी, उजेडात जराशी चकाकणारी, ओठाशी झिजलेली. माझा मुक्काम सध्या विट्यातल्या एका गलाईच्या दुकानाच्या खिडकीत आहे. गलाई म्हणजे जुने दागिने, तुटकी मोड वितळवून त्यातलं सोनं शुद्ध करायचं काम. आमच्या विट्याची माणसं हेच काम घेऊन देशभर पांगली आहेत.

माझं कूळ विचाराल तर ते ग्रॅफाइटचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका समुद्राच्या तळाशी बारीक बारीक जीव मरून पडले. त्यांच्यावर चिखल बसला, चिखलावर आणखी चिखल, आणि मग ते सगळं जमिनीच्या पोटात इतकं खोल गेलं की वरचं ओझं आणि आतली आग यांच्या कात्रीत सापडलं. ज्याला निघून जाता आलं ते निघून गेलं. पाणी गेलं, वायू गेले. मागं राहिला तो कार्बन. त्या दाबात आणि धगीत त्याच्या अणूंनी हळूहळू रांगा धरल्या आणि ग्रॅफाइट तयार झालं. कुणी म्हणेल, एवढी वर्षं आत बसून तू केलंस तरी काय? काही नाही, नीट बसायला शिकले.

हे नीट बसणं कसं, तेही ऐका. कार्बनच्या अणूला चार हात असतात असं समजा. हिऱ्यात प्रत्येक अणू आपले चारही हात शेजाऱ्यांना देऊन टाकतो, कुठंच सैल सोडत नाही, म्हणून हिरा एवढा कठीण. हिरा माझा सख्खा भाऊ लागतो, पण त्यानं कधी ओळख दाखवलेली नाही. आमच्या ग्रॅफाइटमध्ये अणू तीनच हात शेजाऱ्यांना देतात. त्यामुळं सहा सहा कोनांची जाळी होते आणि तिचे सपाट पापुद्रे एकमेकांवर पडून राहतात. पापुद्र्याच्या आतली पकड घट्ट, पण दोन पापुद्र्यांमधली अगदी सैल. जरा ढकललं की ते पत्त्यांच्या कॅटासारखे सरकतात. म्हणून मला हात लावलात तर बोटं काळी होतील, आणि बोटं घसरतीलही.

मग चौथा हात कुठं आहे? आमच्या दुकानाच्या संशयी मालकांनी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला असता. तो मोकळा असतो. त्या मोकळ्या हातांवरूनच आमच्या अंगातून वीज पुढं जाते. दुकानातली भट्टी विजेची आहे. बटण दाबलं की माझ्या अंगातच वीज फिरते, मी लाल होते आणि पोटातल्या सोन्याचं पाणी होतं. पण मी वितळत नाही, आणि सोनं मला चिकटतही नाही. फक्त दर खेपेला हवेनं माझी कड थोडी थोडी जळते. माणसं जशी काम करून झिजतात तशीच मीही झिजत गेले.

डोंगरातून काढून, दळून, चिकणमातीत मळून, गोदावरीकाठच्या एका कारखान्यात मला आकार दिला गेला आणि भट्टीत भाजून पक्कं केलं. तिथून मी लालासाहेबांच्या दुकानात आले.

लालासाहेबांचं उभं आयुष्य केरळात गलाईच्या दुकानात गेलं होतं. गुडघ्यांनी दगा दिला तसे ते गावी परतले आणि विट्याच्या पेठेत त्यांनी छोटं दुकान टाकलं. माणूस सरळ होता, पण संशयी म्हणजे किती संशयी! दुकानाचा केर बाहेर टाकायचा नाही, पोत्यात भरून ठेवायचा, कारण केरात सोन्याचे कण असतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवायचं. आलेल्या माणसानं चपला झटकल्या तरी ते त्याच्याकडे बघायचे. त्यात त्यांचं एकट्याचं असं काही नव्हतं, हा धंदाच तसा आहे. गलाईच्या दुकानात एक रीत सगळीकडं पाळतात. मालकानं भट्टीकडं पाठ करून बसायचं नाही. लालासाहेबांची लाकडी खुर्ची भट्टीसमोर भिंतीला टेकलेली असायची आणि त्यांची नजर माझ्यावर, माझ्यापेक्षा जास्त मला धरणाऱ्या हातांवर.

पुढं ते हात दीपमालाचे झाले. दीपमाला त्यांची सून. माहेर दहिवडीकडचं, माण तालुक्यातलं. नवरा वीरधवल फौजेत, बर्फात कुठंतरी. लालासाहेबांचा हात कापायला लागला तेव्हा परका माणूस ठेवण्यापेक्षा घरचा बरा म्हणून त्यांनी सुनेला सांडशी दिली. विश्वासानं दिली असं मी म्हणणार नाही, नाइलाजानं दिली. "हळू," "तिरपी धर," "थेंब गेला बघ," असं त्यांचं दिवसभर चालायचं. ती एकाही शब्दाला उलटून बोलायची नाही. पण तिनं सांडशीत धरलं की मला कळायचं, हा हात घाबरलेला नाही.

वितळलेलं सोनं माझ्यातून लोखंडी साच्यात ओतायचं आणि त्याची लगड करायची. साच्याला लगड चिकटू नये म्हणून लालासाहेब त्याला दिव्याची काजळी धरायचे. त्या धुरानं त्यांना खोकला लागायचा. दीपमालानं ते बंद केलं. तिची आई बनुबाई ट्रंकेचं कुलूप अडलं की त्यात पेन्सिल घासायची, ते तिच्या ध्यानात होतं. तिनं पोरीच्या, शिवांजलीच्या कंपासपेटीतली मऊ पेन्सिल आणली आणि साचा आतून काळा करकरीत घासला. सोनं ओतलं, साचा उलटा केला, लगड टपकन बाहेर. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पेन्सिलीच्या आतली काळी कांडी म्हणजे माझंच कूळ, ग्रॅफाइट आणि माती. आमचे पापुद्रे साच्याला चिकटून बसले होते आणि सोन्याला घसरून जायला वाट करून देत होते. लालासाहेबांचा खोकलाही थांबला.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते.

विट्याजवळच्याच एका गावातल्या साळूबाई एक दिवस दुकानात आल्या. नात मयूरीचं लग्न ठरलं होतं, आणि तिच्या गंठणासाठी त्यांना आपली पुतळ्यांची माळ मोडायची होती. लालासाहेबांच्या संशयाला तोडीस तोड भेटली ती त्या दिवशी. कमरेला खोचलेल्या पदरातून पिशवी, पिशवीतून फडकं, फडक्यातून डबी, आणि डबीतून माळ निघाली. पुतळ्या रेशमी दोऱ्यात ओवलेल्या, कड्यांवर दोऱ्याच्या गाठी. नियम असा की वितळवण्याआधी एकेक डाग, म्हणजे दागिना, उलटासुलटा करून बघायचा. दीपमालानं हात पुढं केला तशा साळूबाई मागं सरल्या.

"हात लावू नगंस. मीच टाकती माझ्या हातानं."

"आजी, कड्या तेवढ्या बघू द्या. जुनं काम हाय, त्यात काय असतंय कळत न्हाई."

"बघायचं काय त्यात? माझ्या सासूच्या गळ्यातली माळ हाय ती."

त्यांनी दोरा कात्रीनं कापला, पुतळ्या मुठीत घेतल्या आणि गाठींसकट माझ्या पोटात सोडल्या. लालासाहेबांनी डोळ्यांनी सुनेला खूण केली, राहू दे. जुनी ओळख होती, शिवाय संशयी माणसाचं मन संशयी माणसाला बरोबर कळतं. दोरा जळला, मळ काढायला टाकणखार पडला, सोनं उतरायला लागलं. साळूबाई वाकून बघत होत्या. साच्याकडं बोट करून त्यांनी विचारलं,

"ते काळं काय चोळलंयस गं त्येला?"

"शिसं हाय आजी," दीपमाला सहज म्हणाली. "ते लावलं की सोनं अलगद सुटतंय."

तिच्या शाळेत सगळी पोरं तेच म्हणायची. तुम्हीही म्हणता की, "बाई, माझ्या पेन्सिलीचं शिसं मोडलं." फार पूर्वी कुणीतरी ग्रॅफाइटला काळं शिसं समजलं आणि ते नाव जे चिकटलं ते अजून निघत नाही. पण गलाईच्या दुकानात शिसं हा शब्द असा सहज बोलायचा नसतो. खरं शिसं म्हणजे सोन्याचा वैरी. चिमूटभर मिसळलं तरी सोनं ठिसूळ होतं, ठोकलं की फुटतं. साळूबाईंचं बोट तसंच साच्याकडं राहिलं. त्यांच्या कपाळावरची आठी मी बघितली.

मला त्या दिवशी सोन्याची चव वेगळी लागली. काहीतरी परकं माझ्या पोटात उतरलं होतं. कुठून आलं ते मला कळेना, म्हणून मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळ्यांवर संशय घेऊन टाकला.

दोनच दिवसांनी साळूबाई परत आल्या. बरोबर गंठण घडवायला घेतलेले भाऊसो सोनार होते, आणि भाऊसोंच्या हातात त्याच सोन्याची पट्टी होती. पत्रा लाटायच्या मशीनमधून काढताना ती कडेनं फाटत गेली होती, शेतातल्या भेगांसारख्या तिला भेगा पडल्या होत्या.

"लालासाहेब, ह्यात शिसं हाय," भाऊसो खालच्या आवाजात म्हणाले.

"आन् कुणी घातलं त्ये बी मला ठावं हाय!" साळूबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "हिनंच माझ्यासमोर कबूल केलं. शिसं लावलंय म्हणली. सोनं अलगद सुटतंय म्हणली. व्हय सुटलं की! माझं सोनं सुटून हिच्या पदरात पडलं!"

लालासाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. चांदी शुद्ध करायला लागणारं खरं शिसं दुकानात होतंच, वरच्या फळीवरच्या डब्यात. सोनं काढून घ्यायचं आणि तेवढ्या वजनाचं शिसं भरायचं, ही चोरी त्यांना केरळात बघून माहीत होती. त्यांनी सुनेकडं वळून विचारलं, "म्हणलीस तू असं?"

"व्हय मामा, शिसं लावलं म्हणले, पण..."

त्या 'पण'च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. साळूबाईंनी कपाळ बडवलं. भाऊसोंनी नजर खाली घातली. दारात दोन माणसं थांबली होती, ती पुढं चालू लागली, आणि ती काय सांगत जाणार हे सगळ्यांना कळत होतं. विट्यात घराघरातलं कुणीतरी गलाईत आहे. इथं सोन्यात हात मारल्याचा शब्द लागला की तो माहेरी, सासरी आणि फौजेतल्या नवऱ्यापर्यंत जातो, आणि पोरगी मोठी झाली की तिच्या सोयरिकीतही निघतो.

"सांडशी खाली ठेव," लालासाहेब म्हणाले. "घरी जा."

तिनं सांडशी माझ्या शेजारी ठेवली. मी अजून कोमट होते. तिचे डोळे भरले होते पण ती रडली नाही, आणि मित्रांनो, तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. माझ्या पोटात काय पडलं ते सांगायला मला तोंड नव्हतं, नुसता ओठ होता.

रात्रभर दुकान बंद होतं. सकाळी लालासाहेबांनी एकट्यानंच शटर वर केलं आणि स्टुलावर चढून फळीवरचा डबा खाली घेतला. डब्याच्या झाकणावर कोळ्यानं जाळं विणलेलं होतं, जुनं, धुळीनं भरलेलं. तो डबा कित्येक महिन्यांत कुणी उघडला नव्हता. लालासाहेब डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. संशयी माणसाचं हे एक दुखणं असतं. संशय आला तर झोप जाते, आणि संशय चुकला असं वाटायला लागलं तर जास्तच जाते.

तेवढ्यात दीपमाला आली. नीट नेसलेली, डोक्यावर पदर, मुठीत शिवांजलीची पेन्सिल. तिनं ती पेन्सिल सासऱ्यांसमोर ठेवली.

"मामा, काल तुमी माझा 'पण' ऐकला न्हाई. आज ऐका. साळूआजींना बोलवा, भाऊसोंना बी बोलवा. माझं खोटं निघालं तर मी माहेरी जाती, कुणी घालवायची गरज न्हाई."

दोघं आले. साळूबाई आधी उंबऱ्यावरच थांबल्या, आत यायला तयार होईनात. दीपमालानं सुरीनं पेन्सिल उभी चिरली आणि आतली काळी कांडी काढून सगळ्यांना दाखवली.

"हे मी साच्याला लावलं. आमच्या शाळेत ह्येला शिसं म्हणत्यात. तुमच्या नातवंडांना विचारा, ती बी तेच म्हणत्यात."

"नाव शिसं तर माल बी शिसंच की," साळूबाई म्हणाल्या.

लालासाहेब उठले. कोळ्याचं जाळं तसंच असलेला डबा त्यांनी आधी साळूबाईंच्या पुढं धरला, मग झाकण उघडून खऱ्या शिशाचा एक तुकडा काढला. तो तुकडा आणि पेन्सिलीची कांडी, दोन्ही माझ्या पोटात टाकून त्यांनी बटण दाबलं. मी जरा कुठं तापले नव्हते तोच शिसं वितळून त्याचा चकचकीत थेंब झाला आणि तळाशी पळायला लागला. कांडी मात्र तशीच. मी लाल झाले, कांडीही लाल झाली, पण तिचं टोकसुद्धा वाकलं नाही. लालासाहेबांनी चिमट्यानं ती बाहेर काढली, गार होऊ दिली आणि साळूबाईंच्या हातावर ठेवली.

"आक्का, लिहून बघ."

साळूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ ओढली. रेघ काळी उमटली. मला वाटतं, आयुष्यात इतका अभिमान मला लगड ओततानाही वाटला नव्हता.

"मग माझ्या सोन्यात शिसं आलं कुठनं?" साळूबाईंचा आवाज आता चढा नव्हता, पण संशय तसाच होता.

"तेच मला बी पुसायचंय," भाऊसो म्हणाले. "आक्का, ती माळ कवा दुरुस्त केली व्हती का?"

"छ्या! सोनाराच्या हातात मी ती कवाच दिली न्हाई. तुमी लोक डोळ्यांदेखत अदलाबदल करताय."

"दुसऱ्या कुणाच्या?"

साळूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "दोन पुतळ्यांच्या कड्या निघाल्या व्हत्या. त्या आमच्या गुंडानं बसवून दिल्या. नुसतं चिकटवलं. माझ्यासमोर बसून. नजर हलवली न्हाई मी."

"गुंडा कोण?"

"भावकीतला हाय. ष्टँडजवळ दुकान हाय त्येचं. रेडिओ, मोबाईल नीट करतोय."

भाऊसोंनी लालासाहेबांकडं बघितलं. रेडिओवाला तारा जोडायला जे कस्तर वापरतो ते कथील आणि शिसं मिसळून केलेलं असतं, हे गलाईवाल्याला सांगावं लागत नाही. सोनार अदलाबदल करेल या भीतीनं साळूबाईंनी सोनं रेडिओवाल्याकडं नेलं. त्यानं बिचाऱ्यानं आपल्याकडं होतं ते लावलं. आणि पुन्हा कुणी बघू नये म्हणून साळूबाईंनी ते गाठींसकट माझ्या पोटात लोटलं. एवढी नजर ठेवून त्यांनी आपलं शिसं आपल्या हातानं आत सोडलं होतं.

"आवं, मग आता माझ्या मयूरीचं?" त्या एकदम रडकुंडीला आल्या.

"काय बी झालं न्हाई आजी," दीपमालाच बोलली. "तेजाबात घातलं की शिसं निघून जातंय. सोनं तुमचं तुमाला मिळंल."

साळूबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग दोन्ही हातांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. त्यांच्या बोटांना पेन्सिलीची काजळी होती, ती दीपमालाच्या गालांना लागली. भाऊसो जाताना दारात जमलेल्या माणसांना मोठ्यानं म्हणाले, "सुनेनं सोनं वाचवलं बरं का लालासाहेबांच्या." कालच्यापेक्षा आवाज मोठा होता, हे मी मुद्दाम ध्यानात ठेवलं.

मयूरीचं गंठण झालं, लग्नही झालं. माझं मात्र काम सुटलं. माझ्या पोटात शिसं दोनदा उतरलं होतं, आणि त्याचा अंश पुढच्या कुणाच्या सोन्यात जाऊ नये म्हणून सोन्यासाठी मला परत वापरणं बरोबर नव्हतं. मला वाटलं, आता पोत्यात, केराबरोबर. पण दीपमालानं मला घासून पुसून खिडकीत ठेवलं आणि माझ्यात शिवांजलीच्या पेन्सिली उभ्या केल्या. आता माझं कूळ माझ्याच पोटात राहतं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मुशीला आपटू नका, ओलं काही तिच्यात टाकू नका, आणि कुणी 'पण' म्हणालं तर तेवढं पुढचं ऐकून घ्या. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटला शिसं म्हणायची तुमची सवय जाणार नाही, मला माहीत आहे. निदान ते म्हणणाऱ्याचे हात लगेच तपासू नका. हे मी सांगते आहे, जिनं तुम्हाला आल्या आल्या हात दाखवायला लावले.

लालासाहेबांनी सुनेची माफी मागितली का, असं तुम्ही विचाराल. नाही मागितली. त्या पिढीला ते जमत नाही. पण कांडी तापवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमाला आली, तेव्हा तिची सांडशी पुसून नव्या मुशीशेजारी ठेवलेली होती. ती भट्टीपाशी उभी राहिली. लालासाहेब उठले, दुखऱ्या गुडघ्यानं त्यांनी आपली लाकडी खुर्ची ओढत ओढत फिरवली, आणि भट्टीकडं पाठ करून रस्त्याकडं बघत बसले.